अलास्कातल्या केसेस: कोर्टात जिंकून मिळतं काय?

हिमरेषा: विलो तेल प्रकल्पाची मंजुरी २०२१ मध्ये कोर्टाने रद्द केली तेव्हा मला वाटलं सुटलो एकदाचे. पण मार्च २०२३ मध्ये सरकारने परत मंजुरी दिलीच! मग एवढं लढून काय मिळालं, नुसता वेळ?

लाटेवरचा: यातल्या बऱ्याच केसेस १९७० च्या नेपा या अमेरिकेच्या पर्यावरण कायद्यावर चालतात आणि नेपा कुणाला 'नाही' म्हणतच नाही, तो एवढंच म्हणतो की आधी परिणाम तपासा, पर्याय बघा, लोकांपुढे मांडा आणि मग ठरवा. अभ्यासात खोट निघाली की मंजुरी जाते, ती खोट दुरुस्त करून परत येता येतं. पण खोट सापडणं पण मोठी गोष्ट आहे हो. अलास्काच्या उत्तरेकडच्या ब्यूफोर्ट समुद्रातल्या लिबर्टी तेल प्रकल्पात सरकारचा हिशेब असा की तेल नाही काढलं तर हरितगृह वायूंचं उत्सर्जन उलट जास्त होईल, आणि त्यात परदेशात किती तेल जळेल ते धरलंच नव्हतं! २०२० मध्ये अपील कोर्टाने ती मंजुरी रद्द केली.

सामनवेडी: खरा 'नाही' हवा असेल तर अलास्कातलाच ब्रिस्टल बे हा उपसागर बघा. जगातले जवळपास अर्धे सॉकाय सामन मासे तिथले, आणि त्यांच्या नद्यांच्या उगमाशीच पेबल नावाची सोन्या-तांब्याची खाण होणार होती. २०१० मध्ये तिथल्या सहा आदिवासी जमातींनी ईपीएकडे, म्हणजे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेकडे, अर्ज केला की क्लीन वॉटर ॲक्ट या जलप्रदूषणाच्या कायद्याचं कलम ४०४(सी) वापरा. बंदीचा निर्णय आला जानेवारी २०२३ ला, म्हणजे तेरा वर्षं धरून बसले लोक! या कलमात खाणीचा राडारोडा त्या पाण्यात टाकायलाच बंदी घालता येते, नुसता रिपोर्ट सुधारून भागत नाही. मला तर वाचताना भरून आलं.

हिमरेषा: मग हे कायमचं झालं ना?

सामनवेडी: नाही, अलास्का राज्य आणि खाण कंपनी दोघंही त्याविरुद्ध कोर्टात गेलेत.

लाटेवरचा: आणि संसदेने कायदाच बदलला तर कोर्ट तरी काय करणार. आर्क्टिक रेफ्यूज या अलास्कातल्या अभयारण्याचा किनारपट्टीचा सपाट भाग, जिथे पॉर्क्युपाइन नावाच्या कळपातल्या कॅरिबूंची (रेनडिअर हरणांची) पिल्लं जन्मतात, तो २०१७ मध्ये चक्क टॅक्सच्या कायद्यातून तेलासाठी खुला केला. ग्विचिन आदिवासी लोक त्या कॅरिबूंवर जगतात, ते तेव्हापासून कोर्टातही लढतायत आणि संसदेच्या दारातही.