आयर्लंडमधलं एखादं छोटं गाव सुचवा, आईबाबांसोबत दोन रात्री राहायचंय

डब्लिनची_पाहुणी:
नमस्कार मंडळी. मे महिन्यात आईबाबा येतायत. क्लिफ्स ऑफ मोहर वगैरे बसवाली ट्रिप करून झालीये मागच्या वेळी, बाबा म्हणाले सगळं बसच्या काचेतूनच बघितलं. यावेळी त्यांना एक खरंखुरं आयरिश खेडं बघायचंय, चालत फिरता येईल असं, थोडा इतिहास हवा (बाबा रिटायर्ड शिक्षक, पाटी दिसली की थांबतात), आईचे गुडघे जेमतेम आणि ती पूर्ण शाकाहारी. गाडी आहे. ॲडेअर कसं आहे? फोटोत तर फार गोड दिसतं.

लिमरिककर:
ॲडेअर छानच आहे की, गवताने शाकारलेली घरं एका ओळीत, फोटो एक नंबर येतात. पण एन२१ हायवे गावाच्या मधूनच जातो, त्यामुळे दुपारी गाड्यांची रांग हटत नाही. आणि ती घरं तिथल्या जमीनदाराने एकोणिसाव्या शतकात आपल्या इस्टेटीसाठी आखून बांधून घेतलेली, म्हणजे आधीपासूनच नटवलेलं गाव. दोन तास पुरे. राहायला नको.

पश्चिमेचा_वारा:
काँगला जा. मेयो काउंटीत, गॉलवेच्या हद्दीला लागून, डब्लिनहून साधारण तीन तास. मी आधी गॉलवेला होतो तेव्हा कुणीही पाहुणा आला की त्याला इकडेच आणायचो.

गाव एवढंसं आहे की गाडी एकदा लावली की परत जातानाच काढायची. उत्तरेला लॉख मास्क, दक्षिणेला लॉख कॉरिब (लॉख म्हणजे तळं), मधे हे. मास्कचं पाणी चुनखडीच्या दगडातून जमिनीखालून वाहत येतं आणि गावाजवळ भसाभसा वर निघतं, त्यामुळे गावात कुठेही उभं राहिलं तरी पाण्याचा आवाज असतोच.

बाबांसाठी दोन गोष्टी. एक म्हणजे ॲबी, म्हणजे जुना ख्रिस्ती मठ. बाराव्या शतकातली, तिकीट नाही, कधीही जा. आयर्लंडचा शेवटचा हाय किंग (सगळ्या राजांवरचा राजा) रोरी ओ'कॉनर शेवटची वर्षं इथे राहिला आणि ११९८ मध्ये वारला. मागच्या बाजूने नदीकडे गेलात की पाण्यावर दगडी कमानीवर बांधलेली एक इवलीशी खोली दिसेल, छप्पर गेलंय, भिंती आहेत. मठातल्या साधूंची मासे धरायची खोली. जमिनीत चौकोनी भोक आहे, त्यातून खाली जाळं सोडायचे, आणि मासा लागला की दोरीने स्वयंपाकघरातली घंटा वाजायची असं गावात सांगतात. खरं खोटं देव जाणे, पण थंडीत कोपऱ्यात शेकोटी पेटवून बसायची सोय केलेली मात्र दिसते, म्हणजे साधू हुशार होते.

दुसरी म्हणजे कोरडा कालवा, आणि याच्यासाठी लोक थांबत नाहीत याचं मला वाईट वाटतं. बटाट्याच्या दुष्काळात, १८४८ ला, दोन्ही तळी जोडायला कालवा खणायला घेतला, हेतू हा की लोकांच्या हाताला काम मिळावं आणि पुढे बोटी चालाव्यात. आपल्याकडे ७२ च्या दुष्काळात खडी फोडायची कामं निघाली होती ना, तसंच, बाबांना लगेच कळेल. पण तळ सगळा चुनखडीचा, भेगाच भेगा, पाणी ठरेच ना. तोवर रेल्वेही पसरायला लागली होती, १८५४ मध्ये काम बंद. कापलेल्या दगडांच्या भिंती, बोटी चढवायची लॉकची जागा, सगळं आहे अजून, इतकं नीट बांधलंय की बघून पोटात तुटतं. फक्त पाणी नाही (हिवाळ्यात काही ठिकाणी साचतं).

कोथरूडची_राणी:
अहो पण काँग म्हणजे त्या 'द क्वाएट मॅन' सिनेमाचंच गाव ना? सगळीकडे त्यातला हिरो जॉन वेन. आम्हाला जरा बाजारू वाटलं बाई.

पश्चिमेचा_वारा:
पुतळा आहे, म्युझियम आहे, सगळं आहे ताई. १९५१ च्या उन्हाळ्यात शूटिंग झालं आणि गाव अजून त्यावर जगतंय, नाकारत नाही. पण दिवसाच्या बसेस संध्याकाळी निघून जातात आणि मग पबमध्ये गावातलीच माणसं उरतात, म्हणूनच म्हणतोय की रात्री राहा. गप्पा हवामानावरून सुरू होतील आणि फुटबॉलवर येतील. मेयोने गेलिक फुटबॉलची (आयर्लंडचा स्वतःचा खेळ) ऑल-आयर्लंड स्पर्धा शेवटची जिंकली तीही १९५१ लाच, त्यानंतर फायनलला जातात आणि हरतात. हा विषय आपण होऊन काढू नका, ते स्वतः काढतील आणि मग तासभर सुटका नाही.

लिमरिककर:
+१ काँगला. जाताना नील गावाकडूनही एक चक्कर मारा, लॉख मास्कच्या काठी कॅप्टन बॉयकॉट (जमीनदाराचा कारभारी, 'बॉयकॉट' हा शब्द याच्यावरूनच आला) राहायचा तो भाग. १८८० मध्ये कुळांनी त्याच्याशी सगळा व्यवहारच तोडला, मजूर नाही, दुकानदार नाही, धोबी नाही. शेवटी पीक काढायला उत्तरेकडून पन्नास माणसं आणली आणि त्यांच्या रक्षणाला सैन्य, पाचशे पौंडांच्या पिकापायी दहा हजार पौंड खर्च झाले म्हणतात. बाबा खूश होतील.

डब्लिनची_पाहुणी:
बाबांना फोनवर कालव्याचं वाचून दाखवलं, काँग फायनल! आईचं काय? खाणं आणि चालणं दोन्ही सांगा. आणि ॲशफर्ड कासल परवडेल का 😅

पश्चिमेचा_वारा:
कासल विसरा, राजेशाही हॉटेल आहे, तिथल्या एका रात्रीच्या पैशात तुमचे सगळे दिवस निघतील. आवारात फिरायलाही तिकीट असतं, त्यापेक्षा ॲबीमागच्या रानात फिरा, फुकट आणि सपाट वाट. फक्त पिजन होल नावाची गुहा आहे तिथे आईंना वरच थांबवा, खाली भुयारी नदीपर्यंत दगडी पायऱ्या आहेत आणि त्या कायम ओल्या, शेवाळलेल्या.

खाणं: सूप आणि ब्राऊन ब्रेड बहुतेक ठिकाणी मिळतो, पण सूप कसल्या स्टॉकचं आहे ते विचारा, भाज्या दिसल्या म्हणून व्हेज समजू नका. पबची किचन्स लवकर बंद होतात, सातच्या आत जेवायला बसा. थेपले आणि लोणचं बरोबर ठेवाच. किचनवाली खोली घेतलीत तर खिचडीचाही प्रश्न मिटला.

कोथरूडची_राणी:
आणि बुकिंग लगेच कर गं. मेच्या मध्यापासून मेफ्लायचा (पाण्यावरचे किडे, मासे ते खायला वर येतात) सीझन, ट्राउट मासे धरायला माणसं दोन्ही तळ्यांवर येऊन पडतात, बीअँडबी सगळे भरलेले असतात. आम्हाला शेजारच्या बॅलिनरोब गावात जाऊन राहावं लागलं होतं.

डब्लिनची_पाहुणी:
अरे देवा, आम्ही २० तारखेचं बघतोय. आत्ताच बसते फोन लावायला.