पार्किंगमधील हिरवट डाग : कूलंट नेमके कुठून गळते?

बी-२०३ : सर्वांना नमस्कार. आमच्या गाडीखाली रोज सकाळी हिरवट ओलावा दिसतो आणि कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) टाकीतील पातळी खालच्या खुणेच्याही खाली जाते. गॅरेजमध्ये रेडिएटर बदलायला सांगितले आहे, परंतु रेडिएटर तर बाहेरून कोरडा ठणठणीत आहे. काका, आपण उद्यमनगरात इतकी वर्षे इंजिनांचे काम केले आहे, म्हणून आपला सल्ला हवा आहे.

सी-४०२ : ते एसीचे पाणी नाही ना, एवढे आधी पाहून घ्या.

ए-१०१ (काका) : ताईंची शंका योग्य आहे. एसीचे पाणी नितळ आणि बिनवासाचे असते, तर कूलंट बोटांना किंचित बुळबुळीत लागते आणि त्याला गोडसर वास येतो. हिरवट रंग आहे आणि पातळीही घटते आहे, त्यामुळे हे कूलंटच आहे.

मात्र रेडिएटरवर खर्च करण्याआधी प्रेशर टेस्ट करून घ्या, असे मी आग्रहाने सांगेन. इंजिन पूर्ण थंड असताना टाकीच्या तोंडाशी हातपंप जोडून, कॅपवर जो दाब छापलेला असतो तेवढाच, म्हणजे अनेक गाड्यांत ०.९ ते १.१ बारच्या आसपास, दाब भरतात आणि काटा खाली येतो का ते पाहतात. इंजिन आणि पंखा बंद असल्यामुळे कूलंट उडून इकडेतिकडे पसरत नाही आणि मूळ जागा सापडते. जमिनीवरच्या डागावर विसंबू नका, कारण थेंब इंजिनच्या अंगावरून आणि खालच्या कव्हरवरून ओघळत भलतीकडेच पडतो. टॉर्च घेऊन ओल सर्वांत वर कुठे आहे ते शोधा. होजच्या क्लिपा, थर्मोस्टॅटचे (कूलंटची वाट उघडझाप करणाऱ्या झडपेचे) घर आणि रेडिएटरची प्लॅस्टिक टाकी जिथे ॲल्युमिनियमच्या जाळीला जोडलेली असते तो सांधा, एवढे नीट पाहा.

वॉटर पंपाकडे विशेष लक्ष द्या. त्याच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेले असते, म्हणजे आतले सील गेले की कूलंट बेअरिंगमध्ये न साठता बाहेर येते. तिथून खाली वाळलेल्या कूलंटची पांढरट-हिरवी रेघ उतरलेली दिसली, तर पंप गेला असे समजा.

सी-१०४ : आमच्याकडे ट्रकचे ड्रायव्हर रेडिएटरमध्ये हळद टाकतात आणि गळती थांबते.

ए-१०१ (काका) : थांबते खरी, पण तीच हळद रेडिएटरच्या आणि केबिनच्या हीटरच्या अरुंद नळ्यांमध्ये साचते. अशी गाडी करूळ घाट चढताना तापली, तर हेड गास्केटचे (इंजिनचा ब्लॉक आणि वरचे हेड यांमधल्या सीलचे) काम निघू शकते. कृपया असे काही करू नका.

डी-३०१ : आमच्या गाडीचे कूलंट कमी होते, पण खाली एक थेंबही दिसत नाही. याचा अर्थ काय समजावा?

ए-१०१ (काका) : डॅशबोर्डच्या बाजूचा गालिचा ओला लागत असेल आणि काचेवर आतून चिकट वाफ धरत असेल, तर हीटरचा कोअर (केबिनच्या हीटरमधली कूलंटची छोटी जाळी) गळतो आहे. तसे नसेल, तर निळ्या द्रावाची चाचणी करून घ्या. टाकीतील हवेत सिलिंडरमधला जळलेला वायू असेल, तर तो द्राव पिवळा होतो आणि गास्केटचा संशय पक्का होतो. गरम इंजिनची कॅप मात्र कधीही उघडू नका, उकळते पाणी अंगावर येते.

बी-२०३ : काका, आज प्रेशर टेस्ट झाली. काटा हळूहळू उतरत गेला आणि पंपाच्या त्या भोकापाशी थेंब धरताना स्पष्ट दिसला; रेडिएटरच्या सांध्याला काहीच नव्हते. आमचा पंप टायमिंग बेल्टवर चालत असल्यामुळे बेल्टही सोबतच बदलून घेत आहोत. आपले मनापासून आभार.

ए-१०१ (काका) : उत्तम. कूलंटमध्ये नळाचे किंवा बोअरचे पाणी मिसळू नका, डिस्टिल्ड पाणीच वापरा, आणि भरल्यावर आतली हवा पूर्ण काढून घ्या. आणखी एक गोष्ट आजच करा : पार्किंगमधील डाग भरपूर पाण्याने धुऊन काढा. कूलंटमधील इथिलीन ग्लायकॉल विषारी असते आणि गोडसर चवीमुळे कुत्री-मांजरे ते चाटतात.

बी-२०३ : आत्ताच खाली जाऊन धुऊन घेतो.