‘ते लूचिस आन्ते तेर्मिनुम’ : चाल, स्वररचना की बंदिश?

प्रश्न :
वृंदगायनाच्या एका कार्यक्रमासाठी मराठी टिपणे लिहिते आहे. ‘ते लूचिस आन्ते तेर्मिनुम’ हे निजण्याआधी म्हणायचे जुने लॅटिन स्तोत्र त्यात तीनदा येते : आधी पारंपरिक एकसुरी गायन (सगळे मिळून एकच सुरावट गातात ते), मग टॉमस टॅलिस आणि शेवटी हेन्री बाल्फोर गार्डिनर या इंग्रज संगीतकारांची रूपे. आधीच्या शब्दांना संगीत देण्याच्या या दोघांच्या कामाला इंग्रजीत ‘सेटिंग’ म्हणतात. मराठीत काय लिहावे? चाल, स्वररचना की बंदिश? शिवाय हे स्तोत्र ज्या ‘कॉम्प्लिन’ नावाच्या प्रार्थनेत येते, तिला ‘शेजारती’ म्हणावे का?

प्रतिसाद :
शेजारती नको. शेजारतीत आपण देवाला निजवतो. इथे निजणार माणूस आहे आणि जागायचे देवाने. पहिल्या कडव्यातले मागणेच ते आहे : उजेड सरण्याआधी, हे सृष्टिकर्त्या, तुझ्याकडे मागतो, आमची राखण कर. त्यातल्या ‘कुस्तोदिया’ या लॅटिन शब्दासाठी मी ‘रक्षण’ऐवजी ‘राखण’ घेईन, कारण राखण म्हटले की रात्रभर जागणारा माणूस समोर येतो. शीर्षकातला ‘तेर्मिनुस’ म्हणजे शीव, हद्द. मुंबईत ‘टर्मिनस’ म्हणतो तोच हा शब्द. ‘कॉम्प्लिन’ ही मठातल्या दिवसाची शेवटची प्रार्थना, दिवस पुरा करणारी. ‘निजण्यापूर्वीची प्रार्थना’ एवढे लिहिले तरी वाचकाला कळेल.

दुसरा प्रतिसाद :
‘बंदिश’ही बाजूला ठेवा. बंदिशीत शब्द, राग आणि ताल एकजीव असतात, ती त्या रागाची म्हणूनच ओळखली जाते. हे स्तोत्र कोणत्याही संगीतकाराच्या कितीतरी आधीचे आहे. परंपरा ते संत अँब्रोजच्या नावावर घालते, पण त्याला आधार नाही.

‘चाल’ मात्र फार नेमका शब्द आहे, पण फक्त पारंपरिक गायनासाठी. प्रत्येक ओळीत आठ अक्षरे, चार ओळींचे कडवे. असा ठरलेला साचा असला की आपल्याकडे ओवी किंवा अभंग वेगवेगळ्या चालींवर म्हणता येतो, तसेच इथे आहे. साध्या दिवशी एक चाल, सणाच्या दिवशी दुसरी, शब्द तेच. म्हणूनच टॅलिसच्याही दोन रचना आहेत, एक साध्या दिवसाच्या चालीवर आणि एक सणाच्या. दोन्ही 1575 साली, त्याने आणि विल्यम बर्डने मिळून छापलेल्या आणि राणी एलिझाबेथला अर्पण केलेल्या लॅटिन संग्रहात आल्या. तेव्हा ‘टॅलिसची चाल’ असे लिहू नये. चाल त्याची नाहीच. ती सर्वांत वरच्या आवाजात जवळजवळ जशीच्या तशी चालते आणि खालचे चार आवाज त्याने तिच्याभोवती विणले आहेत. तेही फक्त दुसऱ्या कडव्यात. पहिले आणि तिसरे कडवे एकसुरीच म्हणायचे.

आणखी एक. ‘पंचस्वरी’ कृपया लिहू नका. आपल्या वाचकाला त्यात सा-रे-ग दिसतील, पाच स्वरांचा औडव राग वाटेल. ‘पाच आवाजांची रचना’ लिहा.

गार्डिनरचे 1908 सालचे ‘ईव्हनिंग हिम’ वेगळे. आठ भागांत विभागलेला वृंद, जोडीला ऑर्गन आणि सूर त्याचे स्वतःचे. जुन्या चालीचा त्याला आधार लागत नाही. तिथे ‘स्वररचना’ शोभते.

प्रश्नकर्ती :
हे फारच उपयोगी पडले. टॅलिसने नेमके दुसरेच कडवे घेतले आहे, तर त्याचा अर्थ टिपणात द्यायला हवा. त्यातल्या ‘फान्तास्माता’ या शब्दाला ‘भुते’ म्हणू का?

पहिल्या प्रतिसादकाकडून :
‘भुते’ म्हटले की अर्थ बाहेरच्या अंधारात जातो. शब्द आहेत ‘नॉक्तिउम फान्तास्माता’, रात्रींचे भास. मी असे करीन : ‘स्वप्ने दूर सरोत, रात्रीचे भास दूर सरोत, आमच्या वैऱ्याला दाबून ठेव, देह विटाळू नयेत.’ वैरी म्हणजे सैतान. हे कडवे आता सगळीकडे म्हणतातच असे नाही. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरच्या (1962-65) रोमन प्रार्थनाग्रंथात ते काढून दुसरे घातले आहे. त्यात स्वप्नांना हाकललेले नाही, उलट ‘आमच्या हृदयांना तुझीच स्वप्ने पडोत’ असे मागितले आहे. मला हे नवे मागणे अधिक जवळचे वाटते. पण टॅलिसचे सूर जुन्या शब्दांवर बसले आहेत, म्हणून टिपणात जुन्याचाच अर्थ हवा.

दुसऱ्या प्रतिसादकाकडून :
पुढे कधी इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटनचे ‘करल्यू रिव्हर’ घेतलेत, तर हाच प्रश्न पुन्हा येईल. सफोकमधल्या ऑरफर्डच्या चर्चमध्ये 1964 साली झालेले हे संगीतनाट्य एका जपानी नोह (तिथली जुनी नाट्यपरंपरा) नाटकावरून घेतले आहे. मठवासी ‘ते लूचिस’ म्हणत आत येतात आणि तेच म्हणत परत जातात. मधल्या संगीताची बीजेही त्या सुरावटीतून घेतलेली आहेत. ती स्तोत्राची स्वररचना नव्हे. ‘पारंपरिक चालीतून वाढवलेले संगीत’ असे लिहावे लागेल. तुमच्या आताच्या पत्रिकेसाठी तीन ओळी अशा : ‘पारंपरिक चाल’, ‘त्याच चालीवर पाच आवाजांची रचना : टॅलिस’, ‘आठ भागांचा वृंद आणि ऑर्गनसाठी स्वररचना : गार्डिनर’. मात्र ‘त्याच’ लिहिण्याआधी वृंदाला विचारून घ्या. सुरुवातीला ते साध्या दिवसाची चाल गाणार असतील आणि टॅलिसची रचना सणाच्या चालीवरची निवडली असेल, तर तो शब्द चुकेल.