मेंदूला सूज आहे म्हणतायत, पाठीतलं पाणी काढू द्यावं का?

गडहिंग्लजकर:
चुलत्यांना (वय 52) तीन-चार दिवस ताप होता, गावात डेंग्यू टायफॉइड सगळं बघितलं, काय सापडलं नाही. काल रात्री असंबद्ध बोलायला लागले, काकूलाच ‘तू कोण’ म्हणाले आणि पहाटे फिटचा झटका आला. कोल्हापूरला आणलंय. डॉक्टर एन्सेफलायटिस म्हणजे मेंदूला सूज म्हणतायत, एमआरआय झाला, आता पाठीतलं पाणी काढायचंय. आजी हटून बसलीय, पाठीत सुई घातली की माणूस लुळा पडतो म्हणून. रिपोर्टच नाही तर इंजेक्शन कसलं चालू केलंय, हे पण कळंना. सही करू का?

रंकाळाकाठ:
सही करा, आत्ताच. मी आयसीयूत सिस्टर आहे. आजींना सांगा, मज्जारज्जू जिथं संपतो त्याच्या खाली कमरेत सुई घालतात, लुळं पडायची भीती नको. काहींचं थोडे दिवस डोकं दुखतं, बास. आणि इंजेक्शन बहुतेक असायक्लोवीर (हर्पिस व्हायरसवरचं औषध) असणार, ते रिपोर्टची वाट न बघता चालू केलं हे लई बरं झालं. हर्पिसचा व्हायरस मेंदूत गेला आणि औषध मिळालं नाही तर दहातले सातएक पेशंट जातात ओ, तिथं एक दिवस पण घालवायचा नसतो. हर्पिस निघाला तर दर 8 तासांनी, 14 ते 21 दिवस, शिरेतूनच. बरं वाटतंय म्हणून मधीच डिस्चार्ज मागू नका. किडनीवर ताण येतो म्हणून क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघत राहतात. पहिल्या दोनतीन दिवसांत काढलेल्या पाण्यात पीसीआर (व्हायरस शोधायची टेस्ट) कधी कधी निगेटिव्ह येतो, मग परत पाणी काढायला सांगतील, तेव्हा चिडू नका.

कागलची_पोरगी:
व्हायरस नाही निघाला तर ऑटोइम्यूनची, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती मेंदूवर उलटलीय का, ती टेस्ट पण विचारा. माझ्या मावसबहिणीला झोप नाही, संशय, मग तोंडाच्या विचित्र हालचाली. घरच्यांनी आधी देवऋषी केला, मग मानसिक म्हणून गोळ्या. शेवटी पाण्यात एनएमडीए अँटिबॉडी (मेंदूवर उलटणारी) सापडली, अंडाशयात गाठ होती. गाठ काढली, स्टिरॉइड आणि आयव्हीआयजी (शिरेतून द्यायच्या अँटिबॉडी) दिलं, सावकाश माणसात आली. अजून नावं विसरते, पण कॉलेजला जाते.

गडहिंग्लजकर:
सही केली. घरात बारकी पोरं आहेत, त्यांना लागंल काय?

रंकाळाकाठ:
हर्पिसचा मेंदूज्वर असा एकाचा दुसऱ्याला होत नाही, पोरांची काळजी नको. परत झटका आला तर मोबाईलवर व्हिडिओ घ्या आणि राउंडला डॉक्टरांना दाखवा, हात कुठला आधी हलला ते त्यात दिसतं. खर्चाचं आरोग्यमित्राला (दवाखान्यातला सरकारी आरोग्य योजनेचा माणूस) आजच विचारा, रेशनकार्ड आधारकार्ड मागवून ठेवा.