पिकअपवरचा कॅम्पर स्वतःच फिट केलाय, आता तपासायचं कसं?

पिकअपवाला_जुळेसोलापूर
नमस्कार मंडळी. बोलेरो पिकअपच्या हौद्यात बसणारी कॅम्परची केबिन मी आणि मेव्हण्यानं मिळून केलीय, लोखंडी फ्रेम अक्कलकोट रोड एमआयडीसीत वेल्डिंग करून घेतली, बाकी सगळं घरच्या अंगणात. आत 100 एएचची (अँपिअर-अवर) लिथियम बॅटरी, 1000 वॉटचा इन्व्हर्टर, टपावर सोलर, 12 व्होल्टचा फ्रीज, 80 लिटरची पाण्याची टाकी, 5 किलोचा सिलिंडर आणि शेगडी. सगळं चालू होतंय, फ्रीजसुद्धा मस्त गार करतोय. पण दिवाळीनंतर आई, बायको आणि पोरांना घेऊन कोकणात जायचंय, आणि चालू होतंय म्हणजे काम बरोबर झालंय हे मनाला पटत नाही. गॅरेजवाला म्हणतो वायरिंग माझं काम नाही, घराचा वायरमन म्हणतो 12 व्होल्टला काय होत नसतंय. फ्रीजपर्यंत अंतर साधारण 6 मीटर आहे, वायर दीडची (1.5 चौरस मिमी) टाकलीय. कुठून सुरुवात करू?

वायरिंग_होटगीरोड
दादा, पहिलं म्हणजे 12 व्होल्टला काय होत नाही हे डोक्यातून काढून टाका. शॉक लागत नाही एवढंच खरं, आग मात्र व्होल्टेजमुळं नाही करंटमुळं लागते आणि 1000 वॉटचा इन्व्हर्टर भरात असला की बॅटरीतून 90-100 अँपिअर ओढतो. घरातल्या गिझरची वायर 10-15 अँपिअर वाहते, यावरून अंदाज घ्या.

तुमच्या फ्रीजचं बघा. 6 मीटर जायला आणि 6 यायला म्हणजे 12 मीटर तांबं, दीडच्या वायरीत त्याचा रेझिस्टन्स होतो 0.14 ओहम. फ्रीज 5 अँपिअर ओढत असेल तर 0.7 व्होल्ट वायरीतच गेले. बॅटरी भरलेली असताना कळत नाही, पण पहाटे बॅटरी उतरली की फ्रीजला वाटतं व्होल्टेज संपलं आणि तो बंद पडतो, बॅटरीत मात्र दम शिल्लक असतो. सहाची वायर टाका, तीच घट पावणेदोन दशांशावर म्हणजे 0.175 व्होल्टवर येईल.

आता तपासणी. मल्टीमीटरनं नुसता व्होल्टेज बघून काय कळत नाही, लोड चालू असताना बघायचं. एक काडी बॅटरीच्या प्लसवर, दुसरी फ्रीजच्या प्लसवर, मीटर डीसी व्होल्टला. जो आकडा येईल तेवढं त्या वायरीत आणि जोडात खाल्लं जातंय. मग मायनसकडूनही असंच. एका बाजूला जास्त आला तर तिकडचा लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेला धातूचा जोड) किंवा अर्थिंग कच्चं आहे. चेसिसला (गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला) अर्थ घेतलं असेल तर तिथला रंग खरवडून चकचकीत लोखंड काढलंय का ते बघा, रंगावर बसवलेला लग आज चालतो, पावसाळ्यानंतर चालत नाही.

इन्व्हर्टरवर मोठा लोड लावून 20 मिनिटं चालू ठेवा, मग बंद करून लगेच एकेक लग, फ्यूज, स्विच हातानं चाचपा. सगळे कोमट आणि एकच चटका देतोय, तर दुखणं तिथंच. प्रत्येक लग जोरात ओढून बघा, सुटायचाच असेल तर अंगणात सुटू दे. फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात पाहिजे, इन्व्हर्टरजवळ लावून उपयोग नाही कारण मधली वायर घासून शॉर्ट झाली तर तिला कोण तोडणार? लिथियमला क्लास टी फ्यूज घ्या, शॉर्टमध्ये ती बॅटरी हजारो अँपिअर सोडू शकते आणि साधा फ्यूज तेवढं नीट तोडेलच असं नाही. पत्र्यातून वायर जाते तिथं रबरी ग्रोमेट (वायर घासू नये म्हणून भोकात बसवायची रिंग) आहे का?

एक सोलापूरचं खास. लिथियम बॅटरीला सहसा 45 डिग्रीच्या वर चार्ज करायचं नसतं. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये बाहेरच 42-43 असतंय, बंद केबिनमध्ये किती होईल ते सांगायला नको. बॅटरी टपाला चिकटून किंवा उन्हाच्या बाजूच्या पत्र्याला लागून असेल तर जागा बदला.

फॅब्रिकेशन_चिंचोळी
वायरिंगचं वरती आलंच. मी केबिन बसवण्याबद्दल बोलतो, कारण ती सुटली तर मागं मोटारसायकलवर कोणीतरी असतो.

केबिन नुसती हौद्याच्या पत्र्याला बोल्ट मारून बसवलीय का? तसं असेल तर परत काढा. पत्रा फाटतो, बोल्ट तसाच राहतो. चेसिसला यू क्लॅम्पनं धरा, चेसिसच्या पट्टीला भोक पाडू नका आणि वेल्डिंग तर अजिबात नको. 8.8 ग्रेडचे म्हणजे जास्त ताकदीचे बोल्ट, नायलॉकचे (आत नायलॉनची रिंग असलेले, सहज न सुटणारे) नट, खाली जाड पट्टीचा वॉशर. नट आवळून झाला की नट आणि पट्टीवरून रंगाची एकच सरळ रेघ ओढा. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय, पाना लावायचीसुद्धा गरज नाही.

मग टाकी भरून, सिलिंडर, भांडी, माणसं सगळं घेऊन वजनकाट्यावर जा. पूर्ण वजन घ्या आणि नुसती मागची चाकं काट्यावर ठेवून मागचं वेगळं घ्या. आरसीवरचं ग्रॉस वजन ओलांडायचं नाही. 80 लिटर म्हणजे 80 किलो, ती टाकी मागच्या दाराशी असेल तर पुढचं वजन उचललं जातं आणि स्टिअरिंग हलकं लागतं, मागच्या एक्सलच्या पुढं घ्या.

कोकणाआधी एक फेरी तुळजापूरला मारा. 45 किमीच्या आसपास रस्ता, घाटही लागतो, तेवढ्यात सगळं हलून घेतं. कोजागरीला मात्र जाऊ नका, देवीला चालत जाणाऱ्यांनी रस्ता भरलेला असतो. आल्या आल्या सगळ्या रेघा बघा.

पिकअपवाला_जुळेसोलापूर
लई मनापासून आभार ओ दोघांचे. फ्रीजची वायर काढायला घेतलीय. केबिन आठ ठिकाणी बोल्टनं आहे पण त्यातले चारच चेसिसला आहेत, राहिलेल्यांचं उद्या फॅब्रिकेटरला दाखवतो. गॅसचं कोणी सांगेल का? सिलिंडर आतच कपाटात आहे, शेगडीच्या खाली.

काकू_विजापूररोड
गॅसचं मी सांगते, माझे मिस्टर सिलिंडरच्या धंद्यातच होते. एलपीजी हवेपेक्षा जड असतो बाळा, लीक झाला की खाली जमिनीवर पाण्यासारखा साचतो आणि वास नाकापर्यंत यायच्या आत फ्रीजचा नाहीतर स्विचचा एक ठिणगी पुरते. म्हणून ते कपाट आतल्या बाजूनं पूर्ण बंद करायचं, नळी जाते ते भोकसुद्धा सील करायचं, आणि कपाटाच्या तळाला बाहेरच्या बाजूला उघडं भोक ठेवायचं. वरती ठेवून उपयोग नाही. बॅटरी त्या कपाटात किंवा लगत नकोच.

तपासायला भांड्याचा साबण पाण्यात घट्ट कालवायचा, शेगडीची बटणं बंद, सिलिंडर चालू, आणि ब्रशनं प्रत्येक जोडाला लावून मिनिटभर बघत बसायचं. बारीक बुडबुडा फुगला तरी लीक धरायचा. काडी पेटवून बघू नका, अजूनही लोक बघतात. हे तुळजापूरहून आल्यावर परत करायचं, कारण जोड हादऱ्यानं ढिले होतात, अंगणात नाही.

गॅसचा अलार्म खाली जमिनीजवळ आणि कार्बन मोनॉक्साईडचा वेगळा, झोपायच्या उशाच्या उंचीला, दोन्ही पाहिजेत. थंडी वाजते म्हणून शेगडी पेटती ठेवून झोपायचं नाही, आई सोबत आहेत म्हणून मुद्दाम सांगते.

वायरिंग_होटगीरोड
काकूंशी सहमत. आणि दादा, तपासताना मेव्हण्याला वायर दाखवायला लावा, तुम्ही फक्त विचारा: ही कुठून निघाली, फ्यूज कुठं, किती अँपिअरचा. ज्यानं लावलं त्याला चूक दिसत नाही. केबिन कायमची बसवणार असाल तर आधी आरटीओत विचारून घ्या, मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये गाडीत परस्पर बदल करायला मनाई आहे, आणि इन्शुरन्सवाल्यालाही लेखी कळवा.