दोघांच्या नावावरचा भाडेकरार: नाते संपल्यावर एकट्याने बाहेर कसे पडावे?

अबोली

नमस्कार. पुण्यात बाणेरला एका टू बीएचके सदनिकेत मी आणि माझा जोडीदार गेले पाच महिने एकत्र राहत होतो. लिव्ह अँड लायसन्स करार अकरा महिन्यांचा आहे आणि त्यावर परवानाधारक म्हणून आम्हा दोघांचीही नावे आहेत. भाडे २८,००० रुपये आहे. अनामत १,००,००० रुपयांची असून त्यांतील ६०,००० माझ्या खात्यातून आणि ४०,००० त्याच्या खात्यातून घरमालकांकडे गेले. पहिले सहा महिने लॉक-इन (म्हणजे तोवर करार सोडता येत नाही) आणि त्यानंतर एक महिन्याची नोटीस, असे करारात लिहिले आहे.

आमचे नाते संपले आहे आणि ते पुन्हा जुळणार नाही. मी सध्या चिंचवडला मावशीकडे राहते. त्याला मात्र त्याच घरात राहायचे आहे. भांडण नाही, पण बोलणेही फारसे उरलेले नाही. घरमालक नाशिकला असतात. त्यांना फोन केला तेव्हा ते सौजन्याने बोलले, पण म्हणाले, "मला भाडे वेळेवर मिळाले म्हणजे झाले. तुमचे आपसांतले तुम्ही मिटवा, आणि डिपॉझिट घर रिकामे झाल्यावर एकदमच देईन."

करार नोंदवायला एजंट घरी आला होता, तो प्रसंग सारखा आठवतो. जेवणाच्या टेबलावर ठेवलेल्या यंत्रावर माझा अंगठा दोनदा उमटला नाही, म्हणून मी हात धुऊन आले आणि तिसऱ्यांदा ठेवला. त्या अंगठ्याने मी काय काय मान्य केले, हे मला आता नीट समजून घ्यायचे आहे. मी तिथे राहत नसताना त्याने भाडे थकवले, तर ते माझ्याकडून मागता येते का? करारातून माझे नाव कसे निघेल? आणि माझे ६०,००० रुपये मिळायला मला आणखी सहा महिने थांबावे लागेल का?

उंबरठा

अबोली, मी बारा वर्षे भाडेकरारांच्या ऑनलाइन नोंदणीचे काम करतो. दोघांच्या नावाचा करार आणि त्यांतल्या एकाला बाहेर पडायचे आहे, असे प्रकरण माझ्याकडे नेहमी येते.

नोंदवलेल्या दस्तातून एक नाव नुसते खोडता येत नाही. त्यासाठी चालू करार तिघांच्या सहमतीने संपवावा लागतो आणि जो राहणार आहे त्याच्या एकट्याच्या नावाने नवा करार नोंदवावा लागतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, मग मुदत कितीही असो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारीही घरमालकावर आहे. त्यामुळे "एका कागदावर लिहून देतो, नवा करार कशाला?" असे कोणी म्हणाले, तरी त्यावर थांबू नका.

खर्चाची धास्ती घेऊ नका. मुद्रांक शुल्क मुदतीतल्या एकूण भाड्यावर आणि अनामतीवर धरलेल्या वार्षिक १० टक्के व्याजावर मिळून ०.२५ टक्के लागते. तुमच्याच आकड्यांनी अकरा महिन्यांचा हिशेब केला, तर भाडे ३,०८,००० आणि व्याज साधारण ९,१६७. म्हणजे शुल्क ८०० रुपयांच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये, आणि वर एजंटचे जे असेल ते. राहणारा मुलगा हा खर्च उचलत नसेल, तर तुम्ही उचला, पण काम अर्धवट सोडू नका. पोलिसांकडे भाडेकरूंची माहिती दिलेली असते. तीही नव्या करारानंतर नव्याने भरायला घरमालकांना सांगा.

गच्चीवरून

माझा अनुभव लिहितो, कारण मी नेमके जे केले ते तुम्ही करू नये असे मला मनापासून वाटते.

ठाण्यात आम्ही दोघे राहत होतो आणि वेगळे व्हायचे ठरल्यावर मी बाहेर पडलो. माझे कपडे, पुस्तके आणि आईने दिलेला कुकर एवढे घेतले, किल्ली फ्रिजवर ठेवली आणि घरमालकांना फोनवर सांगितले की आजपासून मी तिथे नाही. ते "बरं" म्हणाले. त्या एका "बरं"वर मी सात महिने निर्धास्त राहिलो. मग त्यांचा फोन आला की तीन महिन्यांचे भाडे आले नाही, विजेचे बिल थकले आहे, आणि ती घर सोडून गेली आहे. माझे नाव करारावर होते आणि मी गेल्याचा एकही कागद माझ्याकडे नव्हता. अनामत वळती करूनही काही रक्कम उरली. ती मी भरली. तिला फोन करून अर्धी मागण्याची ताकद तेव्हा माझ्यात नव्हती.

घर सोडताना प्रत्येक खोलीचे, भिंतींचे, नळांचे आणि विजेच्या मीटरवरच्या आकड्याचे फोटो काढा. किल्ली घरमालकांना किंवा त्यांच्या माणसाला देऊन तारखेसह पोच घ्या.

कलम-कागद

मी वकील आहे. तुमचा करार पाहिल्याशिवाय अंतिम मत देता येणार नाही, पण कायद्याची चौकट सांगतो.

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ४३ नुसार दोघांनी मिळून दिलेल्या वचनाची पूर्तता त्या दोघांपैकी कोणाही एकाकडून पूर्णपणे मागता येते. घरमालकाला पूर्ण २८,००० तुमच्याकडून मागता येतात. "माझा वाटा १४,०००" हे उत्तर त्यांच्यापुढे चालत नाही. तुम्ही पूर्ण भरले, तर वेगळे काही ठरले नसल्यास जोडीदाराकडून त्याचा अर्धा वाटा वसूल करण्याचा हक्क तुम्हाला त्याच कलमाने मिळतो. गच्चीवरून यांनाही तो होता.

आता कलम ४४ पाहा, कारण इथे बहुतेकांचा गैरसमज होतो. घरमालकाने तुम्हाला एकटीला मोकळे केले, तरी जोडीदाराप्रती तुमची जबाबदारी त्यामुळे आपोआप संपत नाही. उद्या तोच तुमच्याकडे उरलेल्या महिन्यांच्या भाड्याचा वाटा मागू शकतो. म्हणून लेखी कागद दोघांतला नको, तिघांतला हवा, आणि त्यात "अमुक तारखेनंतर आमचे एकमेकांकडे काही येणे-देणे नाही" हे वाक्य स्पष्ट हवे. कलम ६२ प्रमाणे जुन्या कराराच्या जागी नवा करार आला, की जुना पाळण्याचे बंधन राहत नाही. उंबरठा यांनी सुचवलेला मार्ग त्यामुळेच योग्य आहे. नोंदणीकृत करार नंतरच्या तोंडी बोलीने रद्द झाला, असे न्यायालयात सिद्ध करू दिले जात नाही. फोनवरचे "बरं" तिथे उपयोगी पडत नाही.

लॉक-इनबद्दल: कलम ७४ नुसार करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली, तरी ती कमाल मर्यादा असते आणि त्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई मिळते. घर रिकामे पडलेले नाही आणि भाडे चालू आहे, तर घरमालकाचे नुकसान काय झाले, हा प्रश्न तुम्ही नम्रपणे विचारू शकता.

मुदत संपल्यानंतरची एक गोष्टही लक्षात ठेवा. परवानाधारकाने घर सोडले नाही, तर १९९९ च्या अधिनियमाचे कलम २४ घरमालकाला दुप्पट दराने भरपाई मागण्याचा हक्क देते. जोडीदार तिथेच राहिला आणि करारावर तुमचे नाव तसेच राहिले, तर त्या वादात तुम्हीही ओढल्या जाल.

तुमच्या लिहिण्यातून तसे दिसत नाही, तरीही वाचणाऱ्या इतरांसाठी सांगतो. घरात मारहाण किंवा धमक्या असतील, तर मार्ग वेगळा आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा विवाहासारख्या स्वरूपाच्या नात्यालाही लागू होतो, आणि न्यायालय स्त्रीला राहत्या घरात संरक्षण किंवा पर्यायी निवाऱ्याचे भाडे देण्याचा आदेश करू शकते. तिथे आधी संरक्षण अधिकारी किंवा वकील गाठावा, घरमालक नंतर.

जुनी मालकीण

कोथरूडचा माझा फ्लॅट मी वीस वर्षे भाड्याने देते, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहिते. बाळा, तुझे घरमालक अडवणूक करत आहेत असे मला वाटत नाही. दोन भाडे देणारे होते, आता एकच राहणार, ही त्यांची काळजी आहे. तेव्हा त्यांच्यापुढे तुझे दुःख मांडण्याऐवजी त्या मुलाची पगाराची स्लिप मांड. तो एकटा २८,००० देऊ शकतो, हे दिसले की त्यांचा सूर बदलेल. त्याला एकट्याला झेपत नसेल, तर दुसरा राहणारा शोधायला त्याला पंधरा दिवस दे, पण तारीख ठरवून.

अनामतीसाठी त्यांना पैसे बाहेर काढायला लावू नकोस. तुझे ६०,००० त्या मुलाने तुझ्या खात्यात भरावेत आणि नव्या करारात पूर्ण १,००,००० त्याच्या नावाने जमा असल्याचे लिहावे. माझ्याकडे दोनदा असेच झाले आणि तिघांचीही सोय झाली. मात्र पैसे खात्यात आल्याशिवाय सही करू नकोस.

अबोली

सर्वांचे मनापासून आभार. कलम-कागद यांचा प्रतिसाद मी त्यालाही पाठवला. त्याने तो वाचून दुसऱ्या दिवशी स्वतःहून फोन केला, आणि तीन आठवड्यांत आमचे हे पहिले नीट बोलणे झाले.

रविवारी घरमालक पुण्यात आले होते. ६०,०००पैकी ४५,००० शनिवारीच माझ्या खात्यात आले. उरलेले १५,००० पगार झाल्यावर ५ तारखेला देण्याचे त्याने तिघांच्या कागदावर लिहून दिले आहे. मालकीणबाई, तुमचा सल्ला मी पूर्ण पाळला नाही, पण त्याच्याकडे खरेच नव्हते आणि मला ते माहीत आहे. त्याच्या एकट्याच्या नावाचा नवा करार १ तारखेपासून आहे आणि त्याने अंगठा दिला आहे. लॉक-इनचा एक महिना घरमालकांनी सोडून दिला. मी सगळ्या खोल्यांचे आणि मीटरचे फोटो काढले, किल्ली त्यांच्या हातात दिली आणि पोच घेतली.

इंटरनेटची जोडणी अजून माझ्या नावावर आहे. ती याच आठवड्यात बंद करते.