भूतान-मालदीववर लघुप्रबंध: निकष कोणता, साधने कुठली?

धंतोलीकर: नमस्कार. नागपुरात राज्यशास्त्र एम.ए. करतोय. विषय: भूतान आणि मालदीवची राष्ट्रीय ओळख व परराष्ट्र धोरण. 'लहान देश' कशावरून ठरवायचा? इथे बसून मूळ साधने कुठली मिळतील? संयुक्त राष्ट्रांतल्या मतदानाचे आकडे घेऊ का?

गोकुळपेठ: लोकसंख्या धरा, पण निकष कुणाचा ते पहिल्याच प्रकरणात लिहा. जागतिक बँक आणि राष्ट्रकुल साधारण 15 लाखांवर थांबतात. राष्ट्रकुल मात्र त्याहून मोठ्या जमैका, नामिबियालाही यादीत घेतं. सिंगापूरच्या पुढाकाराने 1992 मध्ये झालेला संयुक्त राष्ट्रांतला गट 1 कोटीपर्यंत जातो. तुमचे दोन्ही देश सगळीकडे बसतात. तिसरा देश जोडलात तर मात्र निकषानुसार घोळ होईल.

सदर_वाचक: मतदानाचे आकडे जपून घ्या. गैरहजेरी आणि तटस्थता एकाच रकान्यात टाकली की निष्कर्षच बिघडतो. लहान देशाचं न्यूयॉर्कमधलं पथक मोजक्या माणसांचं, महासभेच्या मुख्य समित्या सहा. खुर्ची रिकामी राहते त्यामागे दरवेळी धोरण नसतं. शिवाय सनदेच्या कलम 19 नुसार वर्गणीची थकबाकी दोन वर्षांच्या रकमेइतकी झाली की महासभेतलं मतच जाऊ शकतं. म्हणून रकाने चार: बाजूने, विरोधात, तटस्थ, गैरहजर. मतदानाविना संमत झालेले ठराव यात दिसतच नाहीत, आणि असे ठराव पुष्कळ असतात.

माझ्या मते भाषणं जास्त उपयोगी. मालदीव 1965 मध्ये आणि भूतान 1971 मध्ये सदस्य झाला. महासभेतली भाषणं संयुक्त राष्ट्रांच्या डिजिटल ग्रंथालयात मोफत मिळतात. फक्त सर्वसाधारण चर्चा (दरवर्षीची देशोदेशींच्या नेत्यांची भाषणं) चाळू नका. समुद्रपातळीवरचं मालदीवचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष गयूम यांचं 1987 चं भाषण पर्यावरणावरच्या स्वतंत्र चर्चेतलं आहे, ते निसटेल.

बर्डी_ग्रंथालय: न्यूयॉर्कमधली भाषणं ही बाहेर दाखवायची ओळख. तेवढ्यावर थांबलात तर प्रबंध अर्धाच राहील. आनंदाला विकासाचं ध्येय मानणारा 2011 चा महासभेचा ठराव भूतानने आणला. त्याच देशाचा 1985 चा नागरिकत्व कायदा आणि त्यानंतरची पोशाख-शिष्टाचाराची सक्ती काढून पहा. नेपाळीभाषक ल्होत्शाम्पा मोठ्या संख्येने देशाबाहेर गेले, ते याच काळात. हे प्रकरण गाळू नका.

भूतानचे भारताशी झालेले 1949 आणि 2007 चे करारही घ्या, मुख्यतः कलम 2. जुन्यात परराष्ट्र व्यवहारांत भारताचा सल्ला मानण्याचं बंधन आहे; नव्यात ते जाऊन एकमेकांच्या राष्ट्रीय हितासाठी सहकार्य आलं. दोन्ही मजकूर छोटे आहेत, सारांशावर भिस्त ठेवू नका.